मृत्यूचे अंतर, बातमीचे वजन

भारत सरकारने २१ मे २०२४ हा दिवस देशभर राजकीय दुखवट्याचा दिवस म्हणून पाळला. इराणचे अध्यक्ष इब्राहिम रईसी आणि परराष्ट्रमंत्री होसेन अमीर अब्दुल्लाहियान यांच्यासह आठ जण १९ मे रोजी हेलिकॉप्टर अपघातात मृत्युमुखी पडले होते. त्यांच्या सन्मानार्थ राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आला होता. त्याच दिवशी सायंकाळी सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील कुगावहून पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उजनीच्या जलाशयात उलटली. होडीत सात जण होते. त्यांपैकी एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले. त्यांचे मृतदेह हाती लागण्यास २३ मे उजाडावा लागला.

परराष्ट्राच्या प्रमुखाचा दुखवटा हा राजशिष्टाचाराचा भाग असतो आणि त्याची तुलना खेड्यातील अपघाताशी करणे योग्य नव्हे. मात्र एकाच दिवशीच्या या दोन घटनांमुळे वृत्तपत्रसृष्टीतील एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. वृत्तपत्रे आणि वाहिन्या मृत्यूचे वजन कोणत्या तराजूत करतात? देशातला मृत्यू आणि परदेशातला मृत्यू, शहरातला आणि धरणकाठचा, यांना मिळणारी जागा कशावर ठरते?

एका आठवड्याचा ताळेबंद

उत्तरासाठी तोच आठवडा पुरेसा बोलका आहे. १९ मेच्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाने चालविलेल्या भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेने मूळचे मध्य प्रदेशातील दोन तरुण अभियंते ठार झाले. २० मे रोजी महाराष्ट्रातील लोकसभा निवडणुकीचा अखेरचा टप्पा पार पडला. २१ मे रोजी उजनीची दुर्घटना घडली. २३ मे रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक बळी गेले. २४ मे रोजी पापुआ न्यू गिनीच्या एंगा प्रांतात डोंगरकडा कोसळून एक वस्ती गाडली गेली; संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेने मृतांचा अंदाज ६७० असा दिला, तर तेथील शासनाने दोन हजारांहून अधिक लोक गाडले गेल्याचे कळविले. २५ मे रोजी राजकोटच्या गेमझोनमधील आगीत २७ जणांचा मृत्यू झाला.

मृतांच्या संख्येनुसार क्रम लावला तर पापुआ न्यू गिनी पहिला आणि पुणे अखेरचा येतो. मराठी वाचकांच्या स्मरणात मात्र हा क्रम जवळजवळ उलटा आहे. पुण्याचे प्रकरण कित्येक आठवडे गाजत राहिले. त्याला सबळ कारणेही होती. आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन आणि पुढे उघडकीस आलेली रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल यांमुळे ती बातमी अपघाताची न राहता न्यायव्यवस्थेची आणि पैशाच्या बळाची झाली. मृतांची संख्या हा बातमीचा एक निकष आहे, परंतु तो पहिला निकष क्वचितच असतो, हे यावरून दिसते.

बातमीमूल्याचा अभ्यास

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेचे योहान गाल्टुंग आणि मारी रूग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. कांगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या नॉर्वेतील चार दैनिकांत आलेल्या बातम्या त्यांनी तपासल्या. परदेशातील घटना बातमी होण्यास कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात, याची बारा कलमे त्यांनी मांडली. घटनेचा आकार, तिचा अनपेक्षितपणा, सांस्कृतिक जवळीक, बलाढ्य राष्ट्रांशी व प्रतिष्ठित व्यक्तींशी असलेला संबंध, नकारात्मकता ही त्यांपैकी काही. दूरच्या देशातील सामान्य माणसाचा मृत्यू बातमी होण्यासाठी तो फार मोठ्या संख्येने किंवा फार विलक्षण रीतीने यावा लागतो, असा त्याचा अर्थ होतो.

अमेरिकेतील विल्यम अ‍ॅडम्स यांनी १९८६ मध्ये तेथील दूरचित्रवाणीवरील नैसर्गिक आपत्तींच्या वृत्तांची मोजणी केली. त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. एका पश्चिम युरोपीय मृत्यूइतके महत्त्व मिळण्यास पूर्व युरोपातील तीन, लॅटिन अमेरिकेतील नऊ, मध्यपूर्वेतील अकरा किंवा आशियातील बारा मृत्यू लागत होते.

थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांचा २००७ मधील अभ्यास याच्या पुढे जातो. १९६८ ते २००२ या काळातील सुमारे पाच हजार आपत्तींची माहिती त्यांनी पडताळली. ऑलिंपिकसारख्या मोठ्या घटनेच्या दिवसांत आलेली आपत्ती अमेरिकी वाहिन्यांवर कमी दिसते आणि तिला अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यताही घटते, असे त्यांना आढळले. ज्वालामुखीच्या उद्रेकातील एका मृत्यूइकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे लक्ष वेधण्यास अन्नटंचाईत सुमारे चाळीस हजार माणसे दगावावी लागतात, असेही त्यांचे गणित सांगते. म्हणजे बातमीचे वजन ही केवळ पानावरील जागेची बाब राहत नाही. त्या वजनावर मदत, चौकशी आणि खर्च अवलंबून असतो.

परके कोण?

स्वदेशी आणि परदेशी ही विभागणी वरवर सोपी वाटते. प्रत्यक्षात हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. १४ जून २०२३ रोजी ग्रीसच्या पायलोसजवळ ‘अ‍ॅड्रियाना’ ही मच्छीमार नौका बुडाली. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार तिच्यावर पाकिस्तान, इजिप्त, सीरिया आदी देशांतील सुमारे ७५० स्थलांतरित होते, वाचले १०४. चारच दिवसांनी अटलांटिक महासागरात टायटॅनिकचे अवशेष पाहण्यास गेलेली ‘टायटन’ ही पाणबुडी पाच जणांसह नाहीशी झाली. तिच्यात किती तासांचा प्राणवायू शिल्लक आहे, याचा हिशेब जगभरच्या वाहिन्या पडद्यावर मांडत होत्या. भारतीय वाचकाला दोन्ही दुर्घटना परदेशीच होत्या. उलट पायलोसचे प्रवासी आपल्या उपखंडाला अधिक जवळचे होते. तरीही पाच श्रीमंत प्रवाशांची बातमी अधिक पोचली.

महाराष्ट्रातील उदाहरण मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे आहे. हल्ल्यातील १६६ बळींपैकी पन्नासहून अधिक छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकावरचे होते. त्यांत प्रामुख्याने गाडीची वाट पाहणारे सामान्य प्रवासी होते. वाहिन्यांचे कॅमेरे मात्र ताज आणि ओबेरॉय या हॉटेलांवर खिळून राहिले. त्याला एक व्यावहारिक कारण होते. स्थानकावरील गोळीबार थोड्या वेळात संपला होता, तर हॉटेलांतील चकमक २९ नोव्हेंबरपर्यंत चालली. परंतु चकमक संपल्यानंतरच्या चर्चांतही स्थानकाला दुय्यम स्थान मिळाले, याचे स्पष्टीकरण केवळ कॅमेऱ्याच्या सोयीने होत नाही.

विखुरलेल्या मृत्यूंची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. राज्यातील शेतकरी आत्महत्यांची वार्षिक संख्या हजारांत आहे. एका दिवशी, एका ठिकाणी एवढे मृत्यू झाले असते तर त्यांनी महिनोन्‌महिने पाने व्यापली असती. रोज थोडे थोडे होत असल्याने ते आकडेवारीच्या चौकटीत जातात.

उजनीकाठचे वास्तव

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या त्याच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत साठ्यात मोडतो. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील गावांची जमीन त्यात गेली. एकेकाळी नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर असलेल्या गावांमध्ये अथांग पाणी पसरले. शेती, बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी पलीकडे जायचे तर रस्त्याने मोठा वळसा पडतो. पाण्यातून तोच प्रवास थोड्या वेळाचा. म्हणून होडी ही येथे हौसेची गोष्ट नाही. ती गावाची एसटी आहे.

दुचाकीसह माणसे होडीत चढतात, हे दृश्य काठावरच्या लोकांना नवे नाही. पाणी मृत साठ्याच्याही खाली गेले की धक्क्याची जागा बदलते. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचा वारा अचानक सुटतो. हा धोका अज्ञात नव्हता. २०१७ च्या एप्रिलअखेरीस इंदापूर तालुक्यातील अजोती येथे माळशिरस भागातील डॉक्टरांची होडी उलटून चार डॉक्टरांना जीव गमवावा लागला होता. तरीही सात वर्षांनी कुगावहून सुटलेल्या होडीतील प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

येथे वृत्तपत्रांच्या रचनेचाही विचार करावा लागतो. जिल्हा आवृत्त्या सुरू झाल्यापासून गावोगावच्या घटना छापून येऊ लागल्या, ही मोठीच कमाई आहे. परंतु त्या आवृत्त्यांनी गावाची बातमी जिल्ह्यातच थांबविली, हेही खरे. उजनीच्या पाण्यातून तर जिल्ह्याची सीमाच जाते. एक काठ सोलापूर आवृत्तीचा, दुसरा पुणे आवृत्तीचा. करमाळ्याचा अंशकालीन वार्ताहर जी बातमी पाठवितो, ती इंदापूरच्या वाचकाला दिसेलच असे नाही आणि मुंबईच्या वाचकाला तर एरवी दिसतच नाही. तेहरानची बातमी मात्र वृत्तसंस्थेच्या यंत्रणेतून छायाचित्रे व नकाशांसह काही मिनिटांत प्रत्येक कार्यालयात पोचते. बातमीच्या जगात कुगाव अशा रीतीने मुंबईपासून तेहरानपेक्षाही दूर पडते.

बातमीनंतर काय?

त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. धडकेचे प्रवाशाने टिपलेले चित्रण लगोलग देशभर पाहिले गेले. गेटवे ऑफ इंडियावरून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचे करण्याचा निर्णय लगेचच अमलात आला. उजनीतील दुर्घटनेचा तपशील मुख्यतः पोहून आलेल्या एका माणसाच्या तोंडून कळला होता. दोन्हीकडे उपाय एकच होता आणि तो मे महिन्यातच सर्वांना ठाऊक झाला होता. त्या सात महिन्यांत राज्यभरच्या जलप्रवासाचा प्रश्न पहिल्या पानावर राहिला असता तर काय घडले असते, हा प्रश्न वृत्तपत्रांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. शिरसोडी ते कुगाव पुलाच्या जुन्या मागणीला शासनाची मंजुरी मिळाली आहे. पूल वापरात येईपर्यंत पाण्यावरच्या फेऱ्यांकडे लक्ष राहणे तेवढेच आवश्यक आहे.

जवळच्या मृत्यूला अधिक जागा देणे हा वृत्तपत्राचा दोष मानता येणार नाही. वाचकाला आपल्या माणसांची बातमी आधी हवी असते, आणि जेथे तो काही करू शकतो तेथील माहिती त्याच्या अधिक उपयोगाची असते. इराणच्या हेलिकॉप्टरबाबत सोलापूरचा वाचक काही करू शकत नाही. उजनीच्या होडीबाबत आमदाराला, जिल्हाधिकाऱ्याला जाब विचारू शकतो. या कसोटीवर पाहिले तर मृत्यू देशी की परदेशी यापेक्षा तो टाळता आला असता का आणि कोणाला, हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. त्या प्रश्नामुळे एंगा प्रांतातील दरड माळीणच्या दरडीशी आणि पायलोसची नौका कुगावच्या होडीशी जोडली जाते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते आणि दीडशेहून अधिक माणसे गेली होती. पापुआ न्यू गिनीची बातमी त्या आठवणीसह छापली, तर पुण्याच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही.

सुखरूप पलीकडे पोचलेल्या होडीची बातमी होत नाही. परंतु ती किती माणसे घेऊन निघाली, परवाना होता का, जॅकेटे होती का, वाऱ्याचा इशारा कोणी दिला होता का, हे प्रश्न बुडण्याच्या आदल्या दिवशीही विचारता येतात. कुगावच्या धक्क्यावर ते २० मे रोजी विचारले गेले असते, तर त्यासाठी दोन कॉलमांची जागा पुरली असती.