कार्यालयीन संगणकांवरील पी-टू-पी फाइलवाटप

मध्यवर्ती सर्व्हरवर सर्व भार न टाकता जाळ्यातील संगणकांनी एकमेकांशी थेट फाइलींची देवघेव करण्याच्या पद्धतीचा कामाच्या ठिकाणी होणारा वापर. ‘पिअर-टू-पिअर’ किंवा संक्षेपाने ‘पी-टू-पी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक संगणक फाइल घेतो आणि देतोही. चित्रपट-गाण्यांच्या चोरट्या प्रतींमुळे ती बदनाम झाली व अनेक कार्यालयांनी तिच्यावर सरसकट बंदी घातली. मात्र सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, हजारो सर्व्हरांवर नवी आवृत्ती पोहोचवणे, संशोधनाची माहिती वाटणे ही रीतसर कामेही तिच्यामुळे सोपी होतात. वापर वैध आहे की नाही, हे काय वाटले जाते, हक्कधारकाची परवानगी आहे का आणि संस्थेची संमती आहे का, या तीन प्रश्नांवरून ठरते.

पूर्वपीठिका

कार्यालयात संगणकांनी एकमेकांच्या फाइली थेट उघडणे हे इंटरनेटच्या प्रसाराआधीचे आहे. १९९२ मध्ये आलेल्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे वेगळा सर्व्हर न घेता छोट्या कार्यालयांना फोल्डर आणि प्रिंटर सामाईक वापरता येऊ लागले. रे ओझी यांच्या कंपनीने २००० मध्ये आणलेले ‘ग्रूव्ह’ हे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या संस्थांतील सहकाऱ्यांना कागदपत्रांवर एकत्र काम करता यावे म्हणून याच तत्त्वावर बांधलेले होते. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. सामान्य लोकांना मात्र पी-टू-पी माहीत झाले ते १९९९ च्या ‘नॅपस्टर’मुळे. गाण्यांच्या विनापरवाना देवघेवीवरून खटले होऊन २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटॉरेंट’ ही पद्धत प्रसिद्ध केली. पी-टू-पीने मोठ्या फाइली वाटण्यासाठी आज मुख्यतः हीच वापरली जाते.

कार्यपद्धती

बिटटॉरेंटमध्ये फाइलीचे लहान तुकडे पाडतात. ज्याच्याकडे एखादा तुकडा आला, तो संपूर्ण फाइल मिळण्याची वाट न पाहता लगेच तो इतरांना देऊ लागतो. दुर्मिळ तुकडे आधी मागवले जात असल्याने ते लवकर पसरतात. प्रत्येक तुकड्याची गणिती ओळख, म्हणजे हॅश, ‘टॉरेंट’ या छोट्या वर्णन-फाइलीत आधीच नोंदलेली असते. मूळ आवृत्तीत ही ओळख एसएचए-१ ने काढली जाते, दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ ने काढली जाते. तुकडा वाटेत बिघडला किंवा बदलला, तर हॅश जुळत नाही आणि तो टाकून दिला जातो. त्यामुळे तुकडे अनोळखी संगणकांकडून आले तरी मूळ टॉरेंट विश्वासू ठिकाणचे असल्यास फाइलीची खात्री देता येते.

कार्यालयात याचा लाभ साध्या हिशेबाने समजतो. समजा, २०० संगणकांना प्रत्येकी ५ जीबीचे अपडेट हवे आहे. प्रत्येकाने ते बाहेरून आणले, तर इंटरनेट जोडणीवरून १,००० जीबी वाहतूक होईल. काही संगणकांनी आणून उरलेल्यांना अंतर्गत जाळ्यातून दिले, तर बाहेरची वाहतूक त्याच्या अगदी लहानशा हिश्श्यावर येते. जिथे इंटरनेट जोडणी संथ आणि महाग असते, अशा शाखा कार्यालयांना हा फरक विशेष जाणवतो.

वैध उपयोग

सॉफ्टवेअर अपडेट : विंडोज ७ च्या काळातील ‘ब्रँचकॅश’ आणि विंडोज १० पासूनचे ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या सोयी अपडेटचे भाग शेजारच्या संगणकांकडून घेऊ देतात. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मधील देवघेव केवळ अंतर्गत जाळ्यापुरती ठेवायची की बाहेरही होऊ द्यायची, हे प्रशासकाला ठरवता येते.

सर्व्हरांवरील वितरण : ट्विटरने २०१० मध्ये खुले केलेले ‘मर्डर’ हे साधन बिटटॉरेंटच्या आधारे हजारो सर्व्हरांवर नवा कोड पोहोचवण्यासाठी होते. फेसबुकनेही याच कामासाठी बिटटॉरेंट वापरले. कंटेनरच्या प्रतिमा, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, वाटण्यासाठी अलिबाबाचे ‘ड्रॅगनफ्लाय’ आणि उबरचे ‘क्रॅकन’ ही साधने याच तत्त्वावर चालतात.

मुक्त सॉफ्टवेअर : डेबियन, उबंटू आणि लिब्रेऑफिस यांच्या प्रती प्रकल्पांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच टॉरेंटरूपात मिळतात. त्यांचे परवाने पुनर्वितरणाची मुभा देतात. म्हणून प्रत उतरवून घेतल्यावर ती इतरांना देत राहणे येथे वैध तर आहेच, शिवाय प्रकल्पाला मदतही आहे.

संशोधन व ज्ञानसंग्रह : ‘अकॅडेमिक टॉरेंट्स’वर संशोधनाचे मोठे डेटासंच मिळतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१२ पासून आपला मोठा संग्रह टॉरेंटने खुला केला. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्याची सोय करणारा ‘किविक्स’ हा प्रकल्पही आपल्या फाइली टॉरेंटने देतो. त्यांत मराठी विकिपीडियाही आहे. शाळा आणि ग्रंथालये ती प्रत एकदा उतरवून आपल्या संगणकांवर ठेवू शकतात.

अंतर्गत समक्रमण : ‘सिंकथिंग’सारखी मुक्त साधने ठरावीक संगणकांतील फोल्डर एकसारखे ठेवतात. देवघेव कूटबद्ध असते आणि फाइली तिसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर साठवाव्या लागत नाहीत. मात्र एका ठिकाणी खोडलेली फाइल इतरत्रही खोडली जाऊ शकते. म्हणून समक्रमण हा बॅकअपला पर्याय ठरत नाही.

धोके

सर्वांत मोठा धोका चुकीच्या फोल्डरचा आहे. सार्वजनिक पी-टू-पी प्रोग्रॅममध्ये कर्मचाऱ्याने नकळत सगळा दस्तऐवज-फोल्डर खुला केला, तर ग्राहकांची माहिती जगभर जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये सुमारे १०० संस्थांना त्यांच्याकडील वैयक्तिक माहिती अशा जाळ्यांवर उपलब्ध असल्याचे कळवले होते. याशिवाय अनोळखी ठिकाणच्या टॉरेंटमधून घातक सॉफ्टवेअर शिरू शकते आणि मर्यादा न घातल्यास अपलोडमुळे कार्यालयाची जोडणी तुंबते.

कायदेशीर बाजू

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या, व्हिडिओ रेकॉर्डरसंबंधीच्या बीटामॅक्स खटल्यात भरीव वैध उपयोग असलेल्या उपकरणाच्या विक्रेत्याला, केवळ त्याचा गैरवापर होऊ शकतो म्हणून, जबाबदार धरले नाही. ‘ग्रॉक्स्टर’ या पी-टू-पी सेवेविषयीच्या २००५ च्या निकालात मात्र उल्लंघनाला जाणीवपूर्वक प्रोत्साहन देणाऱ्यावर जबाबदारी टाकली. भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. टॉरेंटने फाइल घेणारा ती त्याच वेळी इतरांना देतही असल्याने विनापरवाना कृतीच्या बाबतीत त्याची जबाबदारी वाढते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्यातील माहिती उतरवणे वा तिची नक्कल करणे भरपाईस पात्र ठरते. वैयक्तिक माहिती फुटल्यास डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील सुरक्षाविषयक जबाबदाऱ्यांचाही संबंध येऊ शकतो.

धोरण

‘पी-टू-पी निषिद्ध’ एवढेच लिहिलेले धोरण अपुरे आहे. अशा बंदीने अपडेटची अंतर्गत देवघेवही थांबू शकते, आणि रीतसर काम करणाऱ्याला आडवाटा शोधाव्या लागतात. चांगले धोरण परवानगी असलेली साधने नावानिशी सांगते, वाटपासाठी स्वतंत्र फोल्डर ठरवते, अपलोडला मर्यादा घालते, टॉरेंट अधिकृत ठिकाणाहूनच घेण्याची व हॅश पडताळण्याची अट ठेवते, आणि गरज असलेल्या कर्मचाऱ्याला लेखी परवानगी मागण्याचा सोपा मार्ग देते. कोणत्या फाइली वाटाव्यात आणि कोणत्या वाटू नयेत हे कर्मचाऱ्यांना कारणांसह समजावून सांगणारी संस्था आपली माहिती सुरक्षित ठेवते, आणि मुक्त ज्ञानाच्या वाटपातही आपला वाटा उचलू शकते.