व्हिक्टोरिया सरोवर : मासा वाढला, ताट रिकामं झालं

आज आपण पूर्व आफ्रिकेत जाऊ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. टांझानिया, युगांडा आणि केनिया या तीन देशांत मिळून हे सरोवर सुमारे 68,800 चौरस किलोमीटर पसरलं आहे. आपले अठरा गोवे त्यात मावतील!

या पाण्यात बोटभर ते वीतभर लांबीच्या, सिक्लिड कुळातल्या माशांच्या सुमारे 500 जाती होत्या. बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या. कोणी शेवाळ खाई, कोणी गोगलगायी, कोणी अळ्या. लोकांचा आवडता मासा मात्र 'न्गेगे', तिथला तिलापिया. 1901 मध्ये रेल्वे काठापर्यंत आली, शहरांची बाजारपेठ उघडली, नवी जाळी आली आणि न्गेगे घटू लागला.

मग ब्रिटिश अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी विचार काय केला? हे छोटे, काटेरी मासे 'निरुपयोगी' आहेत. त्यांना खाणारा मोठा मासा सोडू, म्हणजे त्यांचं विकण्याजोगं मांस होईल. 1950 च्या दशकात नाईल पर्च सरोवरात आला. हा मासा दोन मीटरपर्यंत वाढतो. जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये लेख लिहून धोक्याचा इशारा दिला. तरीही 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पर्च अधिकृतपणे सोडला गेला.

वीसेक वर्षं फारसं काही दिसलं नाही. 1980 च्या दशकात मात्र पर्चची संख्या एकदम उसळली. सुमारे 200 जाती नाहीशा झाल्या असं मानलं जातं. सगळा दोष एकट्या पर्चचा नाही, हेही सांगायला हवं. शेतांतून आणि वस्त्यांतून वाहून येणाऱ्या पोषक द्रव्यांनी पाणी हिरवं, गढूळ झालं, खोल पाण्यातला प्राणवायू घटला.

आता पैशाची बाजू बघू. एकूण मासेमारी काही पटींनी वाढली. कारखाने उभे राहिले, युरोपला निर्यात सुरू झाली, हजारोंना रोजगार मिळाला. हे खोटं नाही. पण छोटे मासे बायका काठावर उन्हात वाळवून विकत. पर्च तेलकट, उन्हात नीट वाळत नाही; धुरावायला किंवा तळायला लाकूड लागतं, म्हणून झाडं तुटली. चांगला मासा कारखान्यात गेला, त्यामुळे बायकांचा धंदा आटला. कारखान्यातून उरलेला सांगाडा, डोकं आणि काटे, केनियात 'म्गोंगो वाझी' म्हणून विकला जाऊ लागला. तोच तळून गरिबांच्या ताटात आला. मांस विमानाने परदेशी, काटे काठावर!

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही बरं का. उजनीच्या काठी आपण जी 'चिलापी' खातो, ती मूळची आफ्रिकेतली. भारतात तिलापिया 1952 मध्ये आणला गेला, तोही उत्पादन वाढवायलाच.

म्हणून कुठल्याही तळ्यात नवा मासा सोडायचा बेत निघाला, तर आपण दोन प्रश्न आधी विचारूया. टन किती वाढतील, हा एक. आणि काठावरच्या माणसाच्या वाट्याला त्यातलं काय येईल, हा दुसरा. व्हिक्टोरियात पहिलाच विचारला गेला. सरोवरात सोडलेला मासा परत काढता येत नाही, त्यामुळे दुसरा प्रश्न मागाहून विचारून भागत नाही.