वाशिष्ठीतला रात्रीचा मुक्काम

चिपळूण समुद्रापासून नदीच्या वाटेने चाळीसेक किलोमीटर आत आहे. तरीही शहराला लागून असलेल्या गोवळकोटला बंदर का म्हणतात, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर वाशिष्ठीच्या पाण्यात आहे. दाभोळला समुद्राची भरती नदीत शिरते आणि गोवळकोटच्या आसपासपर्यंत चढत येते. तिच्या जोरावर गलबते इथवर येत, आणि कुंभार्ली घाट उतरून आलेले बैलांचे तांडे इथेच माल टाकत. देशावरचा गूळ, धान्य, कापूस खाली जाई. मीठ आणि कापड वर चढे. चिपळूण भरतीने वसवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

दाभोळची कीर्ती मोठी. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी मायदेशी परतण्यासाठी जहाजात बसला तो याच बंदरात. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने हे शहर जाळले, लोकांची कत्तल केली. चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाचा सूड घ्यायला तो दीवकडे निघाला होता. दाभोळ वाटेत लागले. हे सारे आपण समुद्राकडे तोंड करून वाचतो. पण जरा नदीकडे वळून पाहा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुखावरचे अंजनवेल आणि वरच्या टोकाचे गोवळकोट, ही दोन्ही ठाणी सिद्दी साताकडे होती. १७२७ मध्ये त्याने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान लुटले. पुढे १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतले, तेही हे दोन्ही किल्ले. वाशिष्ठी ताब्यात ठेवायची तर भरतीचे आरंभ आणि शेवट दोन्ही हाती हवेत, हे उभय पक्षांना पक्के ठाऊक होते.

मधल्या वाटेचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही, कारण तिथे काही घडत नसे. तिथे फक्त थांबत असत. तो थांबा कसा असतो ते पाहावे म्हणून मी माघातल्या वद्य अष्टमीला दाभोळहून एका मचव्यातून निघालो. तांडेल वयस्क, जुन्या वळणाचे. निघायची वेळ त्यांनी पाऊणकीने काढली. तिथीची पाऊणकी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आठाची पाऊणकी सहा. सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला सुकती. त्यानंतर पाणी आत वळते. आमच्या पिढीने पाऊणकीचे पाढे शाळेत छडीच्या धाकाने पाठ केले, पण त्यांचा असा उपयोग कोणी सांगितला नव्हता.

मचव्याला इंजिन होते, तरी बराच वेळ ते बंद ठेवून आम्ही पाण्याबरोबर गेलो. दोन्ही काठांना कांदळवन, मध्येच एखादा मोडका धक्का, चिखलावर पहुडलेली एक मगर. अष्टमीची भरती म्हणजे भांगाची, तिला जोर कमी. जगबुडी वाशिष्ठीला मिळते त्याच्या अलीकडेच दिवस मावळला, पाणी थबकले आणि तांडेलांनी नांगर टाकला. शेतकऱ्याच्या आणि खलाशाच्या नांगराला मराठीत एकच शब्द आहे. एकाने जमीन हलते, दुसऱ्याने होडी हलायची थांबते.

ओहोटी लागली तशी मचव्याची नाळ चिपळूणकडे झाली. भात आणि सुक्या बांगड्याचे कालवण खाऊन आम्ही आडवे झालो. मध्यरात्रीनंतर अर्धा चंद्र वर आला, आणि एकच्या सुमारास कोणी हात न लावता मचवा हळूहळू फिरला व समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. भरती सुरू झाली होती. शिडाच्या गलबतांवरच्या माणसांना हे घड्याळ पुरे होत असणार. चार वाजता नांगर उचलला. उजाडताना गोवळकोट.

आगबोटी आल्या तरी भरतीची सद्दी संपली नाही. दाभोळहून वर यायचे तर पाणी पाहावेच लागे. ती संपवली मोटाररस्त्यांनी, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर नदीकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. दरम्यान १९६२ पासून कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले पाणी वाशिष्ठीत येऊ लागले, डोंगर उघडे पडले, पात्रात गाळ साचला. बाजारपेठ मात्र जिथे होती तिथेच, पाण्याच्या तोंडाशी राहिली.

२६ जुलै २००५ ला ती बुडाली. २२ जुलै २०२१ ला तर घरांच्या माड्यांवर, छपरांवर माणसे अडकली, आणि जीवितहानीही झाली. अतिवृष्टी हे मूळ कारण खरेच. पण वरून आलेला लोंढा समुद्राकडे जायचा तर खाली वाट मोकळी हवी, आणि उधाणाच्या वेळी ती नसते. त्यानंतर गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले गेले, ते आवश्यकच होते. मी पंचांग काढून पाहिले. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा तोंडावर. तेराची पाऊणकी पावणेदहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)