रस्ता कुणाचा? निगडी-दापोडी बीआरटीचा इतिहास आणि आपण

बीआरटीचा विषय निघाला की आपले अनेक कार्यकर्ते म्हणतात, हा इंजिनिअरांचा प्रश्न आहे. आम्हाला हे मान्य नाही. संविधानाचे कलम १५(२) उघडून पाहा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच रांगेत रस्ते आहेत. १९२४ चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी होता, १९२७ चा महाडचा लढा चवदार तळ्यासाठी. सार्वजनिक गोष्टीवर सर्वांचा समान हक्क, हेच तत्त्व दोन्हीकडे होते. आज शहरात रस्त्यावरून चालायला कुणी उघड अडवत नाही. पण त्या रस्त्याची किती रुंदी कुणाला, हे ठरवताना वस्तीला कोण विचारते?

पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही जोडशहरे पाहू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी आली. मराठवाडा-विदर्भातून आलेली माणसे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसली. याच रस्त्याने निगडीच्या पुढे गेले की देहूरोड लागते. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कारखान्याला, कॉलेजला, ससूनला, विहाराला जायचे तर आपल्या माणसाला बसच हवी होती.

ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ साली बससाठी वेगळी मार्गिका दिली. डिसेंबर २००० मध्ये कोलंबियातील बोगोटाने तेच मोठ्या प्रमाणावर केले. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही मान्य केले की रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटायची. हिशेब सोपा आहे. बसमध्ये पन्नास-साठ माणसे, कारमध्ये एक-दोन.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग झाला. २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. बस एक झाली, पण रस्ते बांधणाऱ्या महापालिका दोनच राहिल्या, आणि मध्ये खडकीचे कॅन्टोन्मेंट. खरी मेख इथे आहे.

निगडी ते दापोडी ही सुमारे साडेबारा किलोमीटरची मार्गिका बांधून झाली तरी वर्षानुवर्षे बसविना पडून होती. सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, आयआयटी मुंबईकडून तपासणी झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बस धावली. पण दापोडीला मार्गिका संपते. हॅरिस पूल ओलांडून बोपोडी-खडकीत शिरले की बस पुन्हा कारच्या गर्दीत. दोन शहरांना जोडणारा मार्ग शहरे जुळतात नेमका तिथेच तुटला!

दिल्लीचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. २००८ साली सुरू झालेली तिथली बीआरटी आंबेडकर नगर ते मूलचंद अशी होती. दक्षिणपुरी, मदनगीर या पुनर्वसन वसाहतींच्या दारातून ती निघत होती. कारवाल्यांची ओरड झाली. २०१२ साली उच्च न्यायालयाने मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली, तरी २०१६ मध्ये सरकारने ती उखडली. कोर्टात टिकलेली गोष्ट राजकारणात हरली, कारण तिच्या बाजूने रस्त्यावर कुणी संघटित उभे नव्हते. पुण्यातही नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग नंतर काढला गेला.

बीआरटीत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याच्या मधल्या थांब्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाने, लेकुरवाळ्या बाईने पोहोचायचे कसे, याचा विचार अनेक ठिकाणी अपुरा होता. पण दोष दुरुस्त करायचा असतो. थांब्यापर्यंत जाता येत नसेल तर क्रॉसिंग मागा, हक्काची मार्गिका कारला परत देऊ नका.

मार्च २०२२ पासून याच रस्त्यालगत मेट्रो धावते आहे. तिचे स्वागतच आहे. पण स्टेशनपासून वस्तीपर्यंत शेवटी बसच लागते. मेट्रो आली म्हणून बसची जागा काढून घेणे ही फसवणूक आहे.

म्हणून मित्रांनो, विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा विहारातून, वस्तीतून लेखी अर्ज गेले पाहिजेत. दापोडी ते शिवाजीनगर सलग बस मार्गिका, सुरक्षित क्रॉसिंग, पुरेशा बस, या मागण्या आपल्या जाहीरनाम्यात हव्यात. तळे सर्वांचे आहे हे आपल्या पूर्वजांनी ओंजळभर पाणी पिऊन सिद्ध केले. रस्ता सर्वांचा आहे हे आपल्याला नकाशावर सिद्ध करावे लागेल.

जय भीम!