‘कारणास्तव’ आणि ‘ठाऊक असून’: अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील एका शब्दबदलाचा इतिहास

द्वेषमूलक गुन्ह्याचे वेगळेपण त्यातील कृतीपेक्षा कृतीमागील हेतूत असते. एखाद्या मनुष्यास तो अमुक जातीचा आहे म्हणून मारले जाते, तेव्हा तो प्रहार त्याच्या साऱ्या समाजाला उद्देशून असतो. परंतु हा ‘म्हणून’ न्यायासनापुढे सिद्ध कसा करावयाचा? दलितांवरील अत्याचारांसंबंधीच्या भारतीय कायद्याचा इतिहास पाहू गेल्यास त्यातील बराच भाग या एका शब्दाभोवती फिरताना दिसतो.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. पण अस्पृश्यता म्हणजे काय, याची व्याख्या तेथे दिलेली नाही. तो शब्द तेथे अवतरणचिन्हांत आला आहे. म्हैसूर उच्च न्यायालयाने १९५८ साली एका निकालात या चिन्हांचा अर्थ लावला. शब्दाचा व्युत्पत्तीने निघणारा अर्थ येथे अभिप्रेत नसून या देशात इतिहासक्रमाने घडत आलेली रूढी अभिप्रेत आहे, असे न्यायालयाने म्हटले. विरामचिन्हावरून इतका मोठा आशय निघाल्याची उदाहरणे विधिवाङ्मयात फार नसतील.

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ साली आला. विहीर, देऊळ, दुकान, उपाहारगृह येथे मज्जाव करणे हा त्याने अपराध ठरविला. शिक्षा मात्र फार तर सहा महिने कारावास किंवा पाचशे रुपये दंड, अथवा दोन्ही. या अधिनियमाचे बारावे कलम आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, तसे नसल्यास आरोपीने ते दाखवून द्यावे, असे ते कलम सांगते. हेतू सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर टाकू नये, हे विधिमंडळास तेव्हाच उमगले होते. १९७६ साली शिक्षा काहीशी कडक होऊन अधिनियमाचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे झाले. बारावे कलम कायम राहिले.

परंतु हिंसेचे स्वरूप एव्हाना पालटले होते. तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी शेतमजुरीच्या झगड्यात चव्वेचाळीस दलितांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. जमीनदार आरोपींना पुढे मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. महाराष्ट्रात २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तोच मराठवाड्यातील गावोगावी दलितांच्या वस्त्या पेटल्या. हा नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मजुरी मागणे, जमीन कसणे, नाव मागणे, अशा कृत्यांसाठी दिलेली ही शिक्षा होती, आणि विहिरीवरील मज्जावासाठी घडविलेला कायदा तिच्यापुढे अपुरा पडला.

यातून १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम आला व ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. विशेष न्यायालये, अटकपूर्व जामिनास मनाई, कर्तव्यात कुचराई करणाऱ्या लोकसेवकास शिक्षा, आणि १९९५ च्या नियमांन्वये पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने तपास न करणे, ही त्याची आयुधे होत. तथापि जन्मठेप सांगणाऱ्या तिसऱ्या कलमातील महत्त्वाच्या पोटकलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे ‘या कारणास्तव’ गुन्हा घडला पाहिजे, अशी अट होती. आणि १९५५ च्या बाराव्या कलमासारखे गृहीतक मात्र येथे नव्हते. लहान अपराधांस जी सवलत पीडिताला मिळाली होती, ती मोठ्या अपराधांत नाहीशी झाली. ही चूक लहान नव्हती.

तिचे परिणाम भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी प्रकरणात दिसले. तेथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरून सहा जणांस फाशी व दोघांस जन्मठेप सुनावली. अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखालील आरोप मात्र सिद्ध मानले नाहीत. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला, आणि हत्येमागे जात नसून सूड होता, हे मत कायम ठेवले. सुडाचे कारण एका मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबाने दिलेली साक्ष हे होते. येथे ‘कारण’ शब्दाचा एकवचनी अर्थ घेतला गेला. सूड आहे, म्हणून जात नाही! दलिताने साक्ष देण्याचे धाडस केले याचा राग इतक्या थराला का जावा, हा प्रश्न त्या व्याकरणात बसत नव्हता.

लोकव्यवहारातील मराठीनेही एक चमत्कारिक वळण घेतले आहे. ‘ॲट्रॉसिटी’ हे मुळात अत्याचाराचे नाव. पण ‘त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी टाकली’ या वाक्यात तक्रार करणारा कर्ता होतो आणि आरोपी पीडिताच्या जागी जाऊन बसतो. २०१६ च्या मराठा मोर्चांतून या कायद्यात बदल करण्याची मागणी झाली, त्यापूर्वीच हा प्रयोग बोलीत रुळला होता. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी मंजुरीची व प्राथमिक चौकशीची अट घातली. संसदेने त्याच वर्षी ‘१८ अ’ हे कलम घालून ती निष्प्रभ केली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले.

या गदारोळात एक अधिक मूलगामी बदल दुर्लक्षित राहिला. २०१५ च्या सुधारणेने, २६ जानेवारी २०१६ पासून, उपरोक्त पोटकलमातील ‘या कारणास्तव’ हे शब्द जाऊन ‘हे ठाऊक असून’ या आशयाचे शब्द आले. पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी आरोपीचा व्यक्तिगत परिचय असल्यास त्याची जात ठाऊक होती असे गृहीत धरावे, हेही आठव्या कलमात जोडले गेले. ज्या खेड्यात प्रत्येकास प्रत्येकाची जात जन्मापासून ठाऊक असते, तेथे या बदलाचे मोल वेगळे सांगावयास नको. सूड, जमीन, मजुरी ही कारणे आता जातीच्या आड येण्याचे प्रयोजन उरले नाही.

मात्र कायद्याचा नवा शब्द जुन्या कृत्यास लागत नाही. आंध्र प्रदेशातील एका अंध दलित तरुणीवरील बलात्काराचा खटला २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जात, लिंग व अपंगत्व यांचा जाच एकाच देहावर एकवटतो तेव्हा कारणे सुटी करून मोजता येत नाहीत, आणि ‘या कारणास्तव’ याचा अर्थ ‘केवळ या कारणास्तव’ असा करू नये, असे न्यायालयाने विस्ताराने मांडले. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम झाली. गुन्हा २०११ चा असल्यामुळे जुनाच शब्द लागू होता. त्या शब्दाच्या कसोटीस उतरणारा स्वतंत्र पुरावा नव्हता, आणि अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखालील दोषसिद्धी रद्द झाली.