वृक्षसंरक्षण व जागामालकाचे हक्क (नाशिक)

बांधकामासाठी जागा मोकळी करताना झाडांना कायद्याने मिळणारे संरक्षण. नाशिक महापालिका क्षेत्रात त्याचा आधार म्हणजे राज्याचा १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. सातबारा स्वतःच्या नावावर असला तरी अंगणातले झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. मालकाचा हक्क मात्र यामुळे संपत नाही: झाड वाळलेले, रोगट किंवा जीवितास धोकादायक असल्यास तोडण्याची परवानगी मिळू शकते. अर्ज आला की झाडावर नोटीस लागते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही हरकत घेता येते.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याची अटही घातली. ही अट न्याय्यच आहे, पण चाळीस वर्षांच्या आंब्याची सावली चाळीस रोपे लगेच देऊ शकत नाहीत.

या संरक्षणाच्या कसोटीचा प्रसंग नाशिकच्या उंटवाडीत आला. म्हसोबा मंदिराजवळचा, सुमारे दोनशे वर्षांचा मानला जाणारा, पारंब्यांनी विस्तारलेला वड त्रिमूर्ती चौक ते मायको सर्कल या नियोजित उड्डाणपुलाच्या आड येत होता. नाशिककरांनी विरोध केला. २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी वड वाचवण्याची भूमिका घेतली.

असा पेच टाळण्यासाठी घरमालकाने नकाशा काढण्याआधीच प्लॉटवरील झाडे मोजून आराखड्यात दाखवावीत; भिंत दोन हात सरकवणे तेव्हाच सोपे असते.