अंधारात घडणारी दृष्टी

डोळा निर्दोष असला की दिसू लागतेच, हा समज वैद्यकात दीर्घकाळ टिकून होता, आणि तो मोडण्यासाठी तत्त्वज्ञ, शस्त्रवैद्य व प्राण्यांवर प्रयोग करणारे संशोधक अशा तिघांचे श्रम खर्ची पडले. १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचे विवेचन वाचून असा प्रश्न मांडला, की स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला एकाएकी दृष्टी मिळाली, तर ते दोन्ही त्याला केवळ पाहून ओळखता येतील काय. आणि दोघांनीही त्याचे उत्तर नकारार्थी दिले. १७२८ मध्ये लंडनचा शस्त्रवैद्य विल्यम चेसेल्डन याने मोतीबिंदू काढलेल्या एका १३-१४ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा या मुलाला समोरच्या वस्तू जणू डोळ्यांना टेकल्या आहेत असे वाटत होते व एका वस्तूचा आकार दुसरीहून वेगळा ओळखता येत नव्हता, असे दिसून आले.

न दिसण्याचे कारण डोळ्यात आहे की मेंदूत, हे मात्र अशा हकिगतींवरून ठरवता येत नव्हते. ते तपासण्यासाठी फ्लॉरिडातील यर्क्स प्रयोगशाळेत ऑस्टिन रीझन याने दोन चिंपँझी जन्मापासून १६ महिने जवळजवळ पूर्ण अंधारात वाढवले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार त्यांच्या बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावत होत्या, पण दुधाची बाटली ओठांना लागेपर्यंत त्यांना ती ओळखू येत नव्हती. दीर्घ अंधारामुळे त्यांच्या दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या आतील प्रकाशग्राही पडद्यातील, चेतापेशीच झिजल्याचे पुढे आढळले, त्यामुळे प्रयोग संदिग्ध राहिला. म्हणून रीझनने आणखी एका पिलाला रोज थोडा वेळ असा विखुरलेला प्रकाश दिला की ज्यात कोणताही आकार उमटत नाही, आणि तेही पाहण्यात मागेच राहिले. मेंदूला नुसता उजेड पुरत नाही, त्याला आकार लागतात, हा या संशोधनाचा सर्वांत मोलाचा धडा होय. त्याची किंमत मुक्या जिवांनी मोजली, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही.

दोष मेंदूत असतो याचा निर्णायक पुरावा अमेरिकेत डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ मध्ये दिला. त्यांनी मांजरीच्या पिलाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवल्या आणि दोन-तीन महिन्यांनी त्या उघडल्या, तेव्हा तो डोळा व त्याचे दृष्टिपटल शाबूत होते; पण मेंदूच्या मागील भागातील दृक्-बाह्यकात, म्हणजे डोळ्यांकडून आलेले संदेश जिथे उलगडतात त्या थरात, त्या डोळ्याला प्रतिसाद देणारी पेशी क्वचितच उरली होती. प्रौढ मांजरीवर हाच प्रयोग केला असता काहीच बिघडले नाही. दोन्ही डोळे एकदम बंद ठेवले, तर मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पेशी काम करत राहिल्या; म्हणजे नुकसान केवळ न वापरण्याने होत नसून, उघडा डोळा मिटलेल्या डोळ्याच्या वाट्याची जागा बळकावतो म्हणून होते. ही स्पर्धा चालण्याच्या ठरावीक वयाला ‘निर्णायक कालखंड’ म्हणतात, आणि पूर्ण अंधारात वाढवलेल्या मांजरांमध्ये हा कालखंड संपण्याऐवजी लांबतो, असेही पुढील संशोधनात दिसले. १९८१ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

मॉलिन्यूच्या प्रश्नाचे प्रयोगाधारित उत्तर मात्र भारतातून मिळाले. संशोधक पवन सिन्हा यांच्या, जन्मांध मुलांवर उपचार करणाऱ्या ‘प्रकल्प प्रकाश’मध्ये शस्त्रक्रियेनंतर तपासलेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू लगेच नजरेने ओळखता आली नाही, मात्र थोड्याच दिवसांत त्यात सुधारणा झाली, हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उशिरा आलेला प्रकाश व्यर्थ जात नाही, हे त्यातून स्पष्ट झाले, तरी बारकाईने पाहण्याची क्षमता अशा मुलांमध्ये बहुधा अपुरीच राहते. म्हणूनच जन्मतः दाट मोतीबिंदू असलेल्या बाळावरील शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत व्हावी, असे आज नेत्रतज्ज्ञ मानतात, आणि तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसल्यास ‘मूल जरा मोठे होऊ द्या’ म्हणून थांबू नये.